नाकातल्या कोंबांसाठी बायोलॉजिक इंजेक्शन: निर्णय घेण्यापासून वर्षभराच्या हिशेबापर्यंत

नाक कायम चोंदलेलं, रात्री तोंडाने श्वास, घशात सतत उतरणारा कफ, वासाचा पत्ता नाही. स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स घेतला की काही आठवडे बरे जातात आणि मग पहिले पाढे पंचावन्न. दुर्बिणीने ऑपरेशन करून कोंब (पॉलिप) काढले तरी वर्ष-दोन वर्षांत पुन्हा तेच. अशा रुग्णाला आज कान-नाक-घसा तज्ज्ञ ‘बायोलॉजिक’, म्हणजे या सुजेची प्रक्रिया आतून रोखणारं इंजेक्शन, सुचवतात. इंजेक्शन महागडं असतं, बहुधा दीर्घकाळ घ्यावं लागतं आणि सगळ्यांना सारखंच लागू पडत नाही. म्हणून ते घ्यावं का, कोणतं घ्यावं, घेतल्यावर काय मोजावं आणि कधी थांबावं, हे इथे क्रमाने मांडलं आहे. माझं एक ठाम मत आधीच सांगते: या उपचारात पैसा आणि वेळ वाया जातो तो बहुतेक वेळा औषध चुकल्यामुळे नाही, तर सुरू करण्याआधी काहीच मोजून न ठेवल्यामुळे.

आधी आजार नेमका कोणता, ते ठरवा

नाक चोंदणं, नाकातून किंवा घशात स्राव येणं, चेहऱ्यावर दाब जाणवणं आणि वास कमी होणं यांपैकी किमान दोन लक्षणं, त्यातलं एक चोंदणं किंवा स्राव, १२ आठवड्यांहून जास्त टिकली की डॉक्टर त्याला दीर्घकालीन सायनसदाह म्हणतात. त्यासोबत दोन्ही बाजूंना पॉलिप, म्हणजे लोक ज्याला ‘नाकात मांस वाढलंय’ म्हणतात ते, दिसले तर आपला विषय सुरू होतो. प्रत्यक्षात ते मांस नसतंच. सुजून पाण्याने फुगलेल्या अस्तराचे ते करडे, ओलसर, लोंबते कोंब असतात. बोट लावलं तरी फारसं दुखत नाही.

‘दोन्ही बाजूंना’ या शब्दांकडे दुर्लक्ष करू नका. कोंब फक्त एकाच नाकपुडीत असेल, त्यातून रक्त येत असेल, डोळा पुढे आल्यासारखा वाटत असेल, एकाचे दोन दिसत असतील किंवा गाल बधिर झाला असेल, तर बायोलॉजिकचा विचार बाजूला ठेवून आधी सीटी स्कॅन आणि तुकडा तपासणी. एकाच बाजूच्या कोंबामागे गाठ असू शकते, बुरशीचा गोळा असू शकतो, दाताच्या मुळातून चढलेला संसर्ग असू शकतो. लहान मुलाच्या नाकात कोंब दिसले तर सिस्टिक फायब्रोसिसची शक्यता तपासावी लागते. हे सगळे वेगळे आजार आहेत आणि त्यांवर हे इंजेक्शन हा उपाय नाही.

दुर्बिणीने नाक पाहताना डॉक्टर कोंबांना गुण देतात: प्रत्येक बाजूला ० ते ४, एकूण ८ पर्यंत. सीटीवर सायनस किती भरले आहेत त्याचे वेगळे गुण, ० ते २४. हे आकडे तोंडी ऐकून सोडून देऊ नका, कागदावर लिहून मागा. पुढे सगळा हिशेब यांच्यावर चालणार आहे.

नेहमीचे उपचार खरोखर झालेत का?

‘स्प्रे मारून काही उपयोग झाला नाही’ असं म्हणणाऱ्या रुग्णाला स्प्रे मारून दाखवायला सांगा. मान मागे टाकलेली असते, नोझल नाकाच्या मधल्या पडद्याकडे रोखलेलं असतं आणि औषध ‘सर्र’ करून आत ओढलं जातं. म्हणजे अर्धं औषध घशात आणि उरलेलं पडद्यावर. पडदा कोरडा पडतो, रक्त येतं, मग स्प्रे बंद.

बरोबर पद्धत अशी. आधी मिठाच्या पाण्याने नाक धुवा आणि दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. डोकं किंचित पुढे झुकवा, पायांकडे पाहिल्यासारखं. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने स्प्रे धरा. हात आडवा गेला की नोझल आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाकडे वळतं. दाबताना श्वास हळू घ्या, जोरात ओढू नका. नाक धुण्याचं पाणी उकळून गार केलेलं किंवा निर्जंतुक हवं. थेट नळाचं पाणी नको. त्यातून क्वचित नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचून जीवघेणा ठरल्याची उदाहरणं आहेत.

स्प्रे आणि नाक धुणं हे महिनोन्‌महिने, रोज, नीट झालेलं असेल आणि तरीही त्रास आटोक्यात नसेल, तरच पुढची पायरी. स्टेरॉइडच्या गोळ्यांचे गेल्या दोन-तीन वर्षांत किती कोर्स झाले ते मोजा. वेगवेगळ्या डॉक्टरांनी, दम्यासाठी वेगळे आणि नाकासाठी वेगळे दिलेले कोर्सही त्यात धरा. रक्तातली साखर, हाडं, मोतीबिंदू, रक्तदाब यांच्यावर होणारा परिणाम एका कोर्सचा नसतो, बेरजेचा असतो. अनेकांना ही बेरीज पहिल्यांदा कागदावर दिसते तेव्हा धक्का बसतो.

आणि ऑपरेशन? बऱ्याच मार्गदर्शक सूचना बायोलॉजिकआधी निदान एकदा तरी दुर्बिणीची सायनस शस्त्रक्रिया झालेली असावी असं धरतात. ऑपरेशन नको असेल किंवा भूल देण्यात धोका असेल, तर अपवाद केला जातो. पण पहिलं ऑपरेशनच अर्धवट झालं असेल, म्हणजे पुढचे कोंब काढले आणि सायनसची दारं उघडलीच नाहीत, तर नीट केलेलं दुसरं ऑपरेशन बायोलॉजिकपेक्षा शहाणपणाचं ठरू शकतं. सायनस उघडे असले की धुण्याचं पाणी आणि स्प्रे आतपर्यंत पोचतात. सीटी घेऊन दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेण्याची खरी जागा ही आहे.

तुम्ही योग्य उमेदवार आहात का?

या आजाराच्या बहुतेक रुग्णांत ‘टाइप २’ नावाची दाहप्रक्रिया चालू असते. नाकाच्या अस्तराच्या पेशी चिडून टीएसएलपीसारखे संदेश सोडतात, त्यातून इंटरल्यूकिन-४, ५ आणि १३ ही रसायनं वाढतात, इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी अस्तरात गर्दी करतात, आयजीई नावाची अ‍ॅलर्जीशी निगडित अँटीबॉडी वाढते, चिकट स्राव होतो आणि अस्तर फुगून कोंब लोंबतात. बायोलॉजिक म्हणजे यातला एखादा दुवा नेमका अडवणारी, प्रयोगशाळेत तयार केलेली अँटीबॉडी. ऑपरेशन म्हणजे तुंबलेलं पाणी उपसणं, तर बायोलॉजिक म्हणजे आत येणारी धार बारीक करणं.

युरोपीय तज्ज्ञांच्या ‘ईपॉस २०२०’ मार्गदर्शिकेने निवडीसाठी पाच कसोट्या दिल्या. दोन्ही बाजूंना कोंब आणि आधी शस्त्रक्रिया झालेली असेल, तर पाचपैकी तीन पुरेशा:

- टाइप २ दाहाचा पुरावा: कोंबाच्या तुकड्यात सूक्ष्मदर्शकाच्या जास्त विवर्धनाच्या एका दृश्यक्षेत्रात १० किंवा अधिक इओसिनोफिल, किंवा रक्ताच्या दर मायक्रोलिटरमध्ये २५० किंवा अधिक, किंवा एकूण आयजीई १०० किंवा अधिक. २०२३ च्या सुधारणेत रक्तातली इओसिनोफिलची मर्यादा १५० वर आणली गेली.
- वर्षात दोन किंवा अधिक स्टेरॉइड कोर्स, किंवा दीर्घकाळ कमी मात्रेत स्टेरॉइड, किंवा स्टेरॉइड देताच येत नाही अशी स्थिती.
- जगणं लक्षणीय बिघडलेलं. स्नॉट-२२ या त्रास मोजणाऱ्या प्रश्नावलीत ११० पैकी ४० किंवा अधिक गुण.
- वास जवळजवळ गेलेला, चाचणीत सिद्ध झालेला.
- सोबत दमा, ज्यासाठी नियमित स्टेरॉइडचा पंप लागतो.

इथे एक व्यावहारिक फट आहे, तिच्यातून अनेक चांगले उमेदवार निसटतात. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना किंवा नुकत्याच संपल्यावर रक्त तपासलं तर इओसिनोफिल खाली आलेले दिसतात आणि कागदावर ‘टाइप २ नाही’ असा निष्कर्ष निघतो. त्यामुळे तपासणीची तारीख डॉक्टरांशी बोलून गोळ्यांपासून दूर ठेवा, आणि जुनी फाइल उघडा. चार वर्षांपूर्वी तापासाठी केलेल्या साध्या सीबीसीतही इओसिनोफिलची टक्केवारी असते. एकूण पांढऱ्या पेशींचा आकडा गुणिले ती टक्केवारी म्हणजे प्रत्यक्ष संख्या: ८,००० पेशी आणि ६ टक्के असतील तर ४८०. जुन्या ऑपरेशनचा तुकडा तपासणीचा अहवाल तर सोन्यासारखा. त्यात इओसिनोफिल मोजलेले नसतील तर जिथे तपासणी झाली त्या प्रयोगशाळेत काच किंवा मेणाचा ठोकळा जपून ठेवलेला असू शकतो. डॉक्टरांनी विनंती केली तर तो पुन्हा वाचता येतो.

कोणतं इंजेक्शन?

सध्या नाकातल्या कोंबांसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्य केलेली बायोलॉजिक चार आहेत.

ड्युपिलुमॅब हे या आजारासाठी मंजूर झालेलं पहिलं, जून २०१९ मध्ये. इंटरल्यूकिन-४ आणि १३ हे दोन्ही संदेश पेशीवरच्या ज्या ग्राहकावर (रिसेप्टर) पोचतात तो ते अडवतं. मात्रा ३०० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी. ज्या सायनस-२४ आणि सायनस-५२ चाचण्यांवर ही मंजुरी उभी आहे, त्यांत मिळून ७२४ रुग्ण होते. कोंबांचा आकार, चोंदणं, सीटीवरचे गुण आणि वास या चारही बाबतींत फरक पडला. वास परत येऊ लागल्याचं अनेकांना पहिल्या काही आठवड्यांतच जाणवतं.

ओमॅलिझुमॅब आयजीईला पकडतं. २०२० च्या अखेरीस कोंबांसाठी मंजूर झालं, पण दम्यासाठी त्याचा अनुभव त्याहून बराच जुना आहे. मात्रा वजन आणि उपचारापूर्वीचं आयजीई पाहून तक्त्यावरून ठरते: ७५ ते ६०० मिलिग्रॅम, दर दोन किंवा चार आठवड्यांनी. म्हणून सुरू करण्याआधीचं आयजीई नोंदलेलं हवंच. औषध सुरू झाल्यावर तपासलेला आकडा चढलेला दिसतो आणि मात्रा ठरवायला निरुपयोगी असतो.

मेपोलिझुमॅब इंटरल्यूकिन-५ अडवतं, म्हणजे इओसिनोफिलची रसदच तोडतं. मंजुरी जुलै २०२१, मात्रा १०० मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनी. त्याच्या सिनॅप्स चाचणीतल्या सगळ्या ४०७ रुग्णांचं आधी निदान एक ऑपरेशन झालेलं होतं, म्हणजे कोंब परत परत येणारा गटच होता तो.

टेझेपेलुमॅब सर्वांत वरचा दुवा, टीएसएलपी, पकडतं. २१० मिलिग्रॅम, दर चार आठवड्यांनी. कोंबांसाठी मंजुरी ऑक्टोबर २०२५. त्याच्या वेपॉइंट चाचणीत ५२ आठवड्यांत ऑपरेशनची गरज औषध घेणाऱ्यांत ०.५ टक्के आणि खोट्या इंजेक्शनच्या गटात २२.१ टक्के भरली. आकडा देखणा आहे, पण चाचणीत निवडून घेतलेले रुग्ण आणि ओपीडीतला रुग्ण यांत अंतर असतं हे विसरू नका.

बेनरालिझुमॅबचं नावही कानावर पडेल. दम्यात ते वापरलं जातं, पण कोंबांसाठी अमेरिकेत मंजुरी मिळाली नाही. तुम्हाला तीव्र इओसिनोफिली दमा असेल आणि छातीच्या डॉक्टरांनी ते निवडलं असेल तर गोष्ट वेगळी. केवळ नाकासाठी ते पहिली पसंती नव्हे.

मग निवडायचं कसं? थेट आमनेसामने तुलना फार कमी झाल्या आहेत. एव्हरेस्ट चाचणीत कोंब आणि दमा दोन्ही असलेल्या रुग्णांत ड्युपिलुमॅब आणि ओमॅलिझुमॅब समोरासमोर ठेवले गेले. २४ आठवड्यांत कोंबांचा आकार आणि वास यांत ड्युपिलुमॅब सरस ठरलं. बाकी निवड सोबतच्या आजारांवरून होते, आणि माझ्या मते ती तशीच व्हावी. अंगावर जुना इसब असेल तर ड्युपिलुमॅबकडे कल, कारण ते त्यावरही चालतं. अ‍ॅलर्जीचा दमा आणि जुनं पित्त उठणं असेल तर ओमॅलिझुमॅब. रक्तात इओसिनोफिल फार चढलेले असतील, विशेषतः १,५०० च्या वर, तर ड्युपिलुमॅबबाबत सावध राहून इंटरल्यूकिन-५ अडवणारं औषध विचारात घेतलं जातं. कारण ड्युपिलुमॅब सुरू झाल्यावर रक्तातले इओसिनोफिल काही काळ आणखी वाढू शकतात. घरात टोचणं जमणार नसेल आणि दवाखान्यात वारंवार जाणंही शक्य नसेल, तर दोन आठवड्यांऐवजी चार आठवड्यांचं अंतर हाही निवडीचा निकष आहे. त्याला कमी लेखू नका.

अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी घेतली की दम लागतो आणि नाक बंद होतं, असं ज्यांच्याबाबत घडतं त्यांनी ते पहिल्याच भेटीत सांगावं. कोंब, दमा आणि ही संवेदनशीलता असं त्रिकूट असलेल्यांचा आजार जास्त हट्टी असतो आणि ऑपरेशननंतर लवकर परततो. बायोलॉजिकने बरं वाटू लागलं म्हणून अशी वेदनाशामक गोळी स्वतःच्या मनाने घेऊन पाहणं हा जिवाशी खेळ आहे.

पहिल्या इंजेक्शनच्या आधीचा आठवडा

वही घ्या. त्यात पुढच्या गोष्टी तारखेसह लिहा आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

पहिली नोंद स्नॉट-२२ ची. २२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ५, एकूण ११०. नाकापुरती ती मर्यादित नाही. झोप, थकवा, चिडचिड, कामावरचं लक्ष हेही विचारते. आठ-नऊ गुणांचा फरक रुग्णाला जाणवण्याइतका मानतात, म्हणून ७० वरून ६६ झाले तर हुरळून जाऊ नका.

दुसरी नोंद वासाची. वासाची प्रमाणित चाचणी झाली तर उत्तम. नाही तर घरातल्या चार गोष्टी ठरवा, उदाहरणार्थ लवंग, लिंबाची साल, निलगिरी तेल आणि कॉफी पूड. डोळे मिटून दुसऱ्याला एकेक नाकापाशी धरायला सांगा. ‘काहीतरी आहे’ आणि ‘लवंग आहे’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत. निलगिरीचा झोंबणारा भाग वास नसतानाही जाणवतो, त्याने फसू नका.

तिसरी नोंद: गेल्या १२ महिन्यांतले स्टेरॉइड कोर्स, अँटिबायोटिक कोर्स, दम्याचे झटके, कामावरचे खाडे.

चौथी: दुर्बिणीतले कोंबांचे गुण आणि शक्य असेल तर त्याच दिवसाचे फोटो.

याच आठवड्यात डॉक्टरांशी आणखी काही बोलायचं आहे. पोटात जंत असण्याची शक्यता असेल तर आधी तपासणी आणि उपचार. टाइप २ प्रतिकारशक्ती जंतांशीच लढण्यासाठी असते आणि औषध तीच दाबतं. जिवंत विषाणूंच्या लसी राहिल्या असतील तर त्या कधी घ्यायच्या ते ठरवा, कारण उपचार चालू असताना त्या टाळल्या जातात. मेपोलिझुमॅब ठरलं असेल तर नागिणीच्या लसीचा विषय काढा. गर्भधारणेचा विचार असेल, स्तनपान चालू असेल तर ते आत्ताच सांगा. आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: ‘किती महिन्यांनी आणि कशावरून आपण ठरवणार की हे चालू ठेवायचं?’ याचं स्पष्ट उत्तर मिळालं नाही तर मी पहिलं इंजेक्शन लांबवेन.

खर्चाचा हिशेबही याच बैठकीत. एका इंजेक्शनचा नाही, निदान वर्षाचा. विमा असेल तर पूर्वमंजुरीसाठी ऑपरेशनचा अहवाल, सीटी, रक्ताचे आकडे आणि स्टेरॉइड कोर्सची यादी लागण्याची शक्यता मोठी, आणि ती वहीत तयार आहेच. सहा महिने घेऊन पैशांअभावी मध्येच थांबवावं लागणं ही सर्वांत वाईट खरेदी, कारण औषध बंद झालं की परिणाम ओसरू लागतो.

टोचताना

पहिली इंजेक्शनं दवाखान्यात, देखरेखीखाली. ओमॅलिझुमॅबसाठी हे विशेष महत्त्वाचं: त्याने क्वचित, पण खरोखर, शरीरभर तीव्र अ‍ॅलर्जी (अ‍ॅनाफिलॅक्सिस) येऊ शकते, आणि ती पहिल्याच मात्रेनंतर येईल असंही नाही. तिथे सांगतील तेवढा वेळ थांबा. घाईत बसस्टॉपवर जाऊन उभे राहू नका.

नंतर घरी टोचायचं ठरलं तर साठवण २ ते ८ अंश सेल्सिअस. फ्रीजच्या दारात ठेवू नका, तिथे तापमान सारखं वर-खाली होतं. मधल्या कप्प्यात, मूळ खोक्यात, भिंतीला न चिकटवता. गोठलं तर फेकायचं, वितळवून वापरायचं नाही. प्रवासात थंड पिशवी, पण बर्फाच्या पिशवीला खोकं थेट टेकवू नका.

ड्युपिलुमॅबची ३०० मिलिग्रॅमची सिरिंज किंवा पेन टोचण्याआधी ४५ मिनिटं बाहेर काढून ठेवतात, मेपोलिझुमॅब ३० मिनिटं, टेझेपेलुमॅब ६० मिनिटं. थंडगार औषध जास्त दुखतं. लवकर व्हावं म्हणून गरम पाण्यात, उन्हात किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचं नाही, हलवायचंही नाही. खिडकीतून पाहा: द्रव स्वच्छ, रंगहीन ते फिकट पिवळसर असावा. गढूळ असेल, गुठळ्या असतील तर तो वापरू नका.

हात धुवा. जागा: मांडीचा पुढचा-बाहेरचा भाग किंवा पोट, बेंबीपासून पाच सेंटिमीटर सोडून. दंडावर टोचायचं तर दुसऱ्या कुणीतरी. खरचटलेली, निळी पडलेली किंवा व्रणाची जागा नको. दर वेळी जागा बदला. वहीत ‘उजवी मांडी’ एवढं लिहिलं तरी पुढच्या वेळी आठवावं लागत नाही. स्पिरिटने पुसून वाळू द्या, ओल्यावर टोचलं की चुरचुरतं. पेन त्वचेवर सरळ उभा दाबून धरा आणि खिडकीतला रंग पूर्ण बदलेपर्यंत उचलू नका. अर्धवट उचललेला पेन हीच वाया गेलेल्या मात्रेची सर्वांत नेहमीची गोष्ट. वर एखादा थेंब दिसला तर काळजी नको. चोळू नका. सुई जाड प्लास्टिकच्या बंद डब्यात, कचऱ्यात नाही.

तारीख चुकली तर प्रत्येक औषधाचा नियम वेगळा. दर दोन आठवड्यांच्या ड्युपिलुमॅबसाठी: सात दिवसांच्या आत आठवलं तर टोचा आणि मूळ वेळापत्रक चालू ठेवा, त्याहून उशीर झाला तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहा. दोन मात्रा एकदम कधीच नाहीत.

पहिले काही महिने

टोचल्या जागी लाली, सूज, खाज हे सर्वांत नेहमीचं. एक-दोन दिवसांत जातं. ड्युपिलुमॅबमध्ये डोळे लाल होणं, खुपणं होऊ शकतं. इसब असलेल्यांत ते जास्त, फक्त कोंब असलेल्यांत कमी. मेपोलिझुमॅबमध्ये डोकेदुखी आणि पाठदुखी. सांधे दुखल्याच्या तक्रारीही येतात.

ताबडतोब दाखवायची लक्षणं वेगळी: ओठ-जीभ सुजणं, छाती आवळणं, चक्कर, अंगभर गांधी, डोळा दुखणं किंवा दिसायला अंधूक होणं, आणि हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा, अंगावर जांभळे चट्टे, दमा अचानक वाढणं. हा शेवटचा गट दुर्मीळ आहे, पण रक्तवाहिन्यांच्या इओसिनोफिली दाहाची ती खूण असू शकते. स्टेरॉइडच्या गोळ्या कमी करताना आजवर दबून राहिलेला हा आजार उघडा पडतो.

म्हणून गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्याच्या शरीरात नैसर्गिक स्टेरॉइड तयार होणं मंदावलेलं असतं. मात्रा डॉक्टरांच्या वेळापत्रकाने, हळूहळू उतरवा. दम्याचा पंप तर अजिबात सोडू नका, श्वास कितीही मोकळा वाटो.

नाकाचा स्प्रे आणि धुणंही चालूच. हे इतक्यांदा सांगूनही चौथ्या-पाचव्या महिन्यात पहिल्यांदा सुटतं ते हेच, कारण नाक मोकळं झालेलं असतं. या औषधांच्या प्रमुख चाचण्या स्प्रे चालू ठेवूनच झाल्या आहेत; मिळालेला फायदा त्या जोडीचा आहे.

सहाव्या महिन्याचा हिशेब

ईपॉस २०२० ने पहिला आढावा १६ आठवड्यांनी घ्यायला सांगितला होता. २०२३ च्या सुधारणेत तो सहा महिन्यांवर गेला. मला दुसरं जास्त पटतं. काहींचा वास उशिरा परततो आणि चार महिन्यांत आशा सोडणं घाईचं होतं.

आढाव्यात पाच गोष्टी पाहतात: कोंब लहान झाले का, तोंडाने स्टेरॉइड घेण्याची गरज कमी झाली का, जगणं सुधारलं का, वास सुधारला का, दम्यासारख्या सोबतच्या आजारांचा त्रास उतरला का. २०२० च्या मांडणीत पाचही असतील तर उत्कृष्ट प्रतिसाद, तीन-चार असतील तर मध्यम, एक-दोन असतील तर कमी, आणि एकही नसेल तर औषध थांबवायचं. वहीतलं पहिलं पान इथे उघडायचं. ‘बरं वाटतंय’ आणि ‘६८ वरून २९’ यांतला फरक विमा कंपनीलाही कळतो आणि तुम्हालाही.

प्रतिसाद अर्धवट असेल तर औषध बदलण्याआधी तीन प्रश्न विचारा. मात्रा वेळेवर आणि पूर्ण गेल्या का? स्प्रे चालू होता का? आत पू, बुरशी किंवा दाताचं काही राहून गेलं आहे का? या तिन्हींची उत्तरं समाधानकारक असतील तर वेगळ्या दुव्यावर काम करणारं इंजेक्शन, किंवा औषध चालू ठेवून राहिलेले कोंब काढायचं ऑपरेशन, असे दोन्ही मार्ग आहेत. बायोलॉजिक आणि ऑपरेशन यांत वैर नाही. नाक पूर्ण गच्च भरलेलं असेल तर ऑपरेशनने जागा लवकर मोकळी होते, आणि औषध ती मोकळी ठेवायला मदत करतं.

अंतर वाढवणं आणि थांबवणं

वर्षभर उत्तम चालल्यावर ‘आता बंद करू का?’ हा प्रश्न येतोच. ड्युपिलुमॅबच्या २४ आठवड्यांच्या चाचणीत औषध थांबवल्यानंतरच्या महिन्यांत लक्षणं आणि कोंब पुन्हा वाढू लागले होते. त्यामुळे थांबवताना ते परत येतील असं गृहीत धरून योजना करा. काही तज्ज्ञ आजार पूर्ण आटोक्यात असलेल्या निवडक रुग्णांत दोन मात्रांमधलं अंतर हळूहळू वाढवून पाहतात. हे पत्रकातल्या मात्रेबाहेरचं आहे, म्हणून स्वतःच्या मनाने इंजेक्शनं लांबवू नका. ठरलं तर प्रत्येक टप्प्याला दुर्बिणीची तपासणी हवी.

थांबवलंच तर महिन्यातून एकदा तीच २२ प्रश्नांची यादी आणि त्याच चार गोष्टींची वासाची नोंद चालू ठेवा, स्प्रे आणि धुण्यासह. बहुतेकांत आधी वास मंदावतो, चोंदणं नंतर येतं. सलग दोन नोंदींत लवंग ओळखता आली नाही, तर ठरलेल्या तपासणीची तारीख येईपर्यंत वाट न पाहता दवाखान्यात फोन करा. तेव्हा हाताशी असलेली स्टेरॉइडची जुनी पट्टी मात्र उघडू नका, कारण त्यानंतरची रक्ततपासणी आणि दुर्बिणीचं चित्र दोन्ही फसवं निघेल.